पेट्रोलवर लिटरमागे ४६-४७ रुपये कर भरतोय (२०२५), त्यातले माझ्या गावच्या रस्त्याला किती येतात?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकतो. मी सातारा जिल्ह्यातला, गाव कराडपासून बावीस किलोमीटर आत, कामाला रोज कराडला मोटारसायकलवर. जाऊन येऊन ४४ किलोमीटर आणि माझी जुनी गाडी ४५ चं ॲव्हरेज देते म्हणजे हिशोब सोपा, दिवसाला एक लिटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३०० लिटर.

झालं असं की यंदा, २०२५ च्या दिवाळीच्या आधी आईला दवाखान्यात दाखवून परत येत होतो, अंधार पडलेला, आमच्या ओढ्यावरच्या मोरीपाशी पाणी साठलेलं आणि पाण्याखाली खड्डा आहे की डांबर हे दिसायला काही मार्ग नाही. पुढचं चाक धाडकन आत गेलं. मी कसाबसा सावरलो, पण आई मागच्या मागं उडून परत सीटवर आदळली. रिम वाकली त्याचं काही नाही, आईच्या मणक्याला मार बसलाय, डॉक्टरनी तीन आठवडे पाठीवर झोपून राहायला सांगितलंय आणि ती माउली मलाच म्हणते की तुझी काय चूक बाळा, रस्ताच तसला.

दुसऱ्या दिवशी पंपावर एक लिटर टाकलं आणि पहिल्यांदाच पावती नीट वाचली. किराणा दुकानाच्या बिलावर सुद्धा सीजीएसटी, एसजीएसटी वेगवेगळं छापलेलं असतं, इथं नुसता दर, लिटर आणि रक्कम. कर किती ते कुठंच नाही. मग नेटवर शोधत बसलो. २०२५ च्या दरानं केंद्राचे २१ रुपये ९० पैसे, राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि वर ५ रुपये १२ पैसे, म्हणजे राज्याचे धरून चालू साधारण २४-२५. लिटरला ४६-४७ रुपये झाले की. ३०० लिटरचे चौदा हजाराच्या आसपास रुपये मी एकटा वर्षाला भरतो, गाडी घेताना आरटीओचा एकरकमी रोड टॅक्स भरला तो वेगळाच. आमच्या गावात दीड-दोनशे तरी गाड्या असतील.

ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले हा रस्ता आमच्याकडं नाही. ज्या ऑफिसला जायला सांगितलं तिथं म्हणाले दुरुस्तीच्या हेडला पैसे नाहीत. मग हे सगळे पैसे जातात तरी कुठं? पेट्रोलवर रस्त्यासाठी म्हणून वेगळा कर आहे असं ऐकलंय, तो खरंच रस्त्याला लागतो का? आणि मी नक्की कुणाच्या दारात उभा राहू? राजकारणाची भांडणं नकोत, ज्याला माहिती आहे त्यांनी सांगा.

हिशोबनीस:
आईंना लवकर बरं वाटो. मी सरकारी नोकरीत लेखा विभागात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे पैशाचं जेवढं माहिती आहे तेवढं सांगतो.

तुमचे २१ रुपये ९० पैसे म्हणजे एकच कर नाही, त्यात चार वेगवेगळे डबे आहेत. मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क १३ रुपये (एप्रिल २०२५ ला यातच २ रुपये वाढवले). कृषी पायाभूत सुविधा सेस (म्हणजे उपकर) अडीच रुपये. आणि रस्ते व पायाभूत सुविधा सेस ५ रुपये. तुम्ही जो रस्त्याचा कर म्हणताय तो हा शेवटचा, लिटरला ५ रुपये. डिझेलवर तर तो २ रुपयेच आहे.

आता राज्याला यातलं काय मिळतं ते बघा. वित्त आयोगाच्या सूत्राने केंद्राच्या करातला ४१ टक्के वाटा राज्यांचा, पण सेस आणि अधिभार (ते १३ रुपये अधिभारातच धरतात) या वाटणीत येत नाहीत. वाटणीत येतात ते फक्त ते १ रुपया ४० पैसे. त्याचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, ते सगळ्या राज्यांत मिळून, आणि १५ व्या वित्त आयोगाप्रमाणे महाराष्ट्राचा त्यातला हिस्सा ६.३१७ टक्के. गुणाकार करून बघा, साडेतीन पैसे येतात. तुम्ही एक लिटर टाकलं की केंद्राकडून वाटणीने महाराष्ट्राच्या तिजोरीत साडेतीन पैसे परत येतात, मग ते कुठल्या कामाला जातात ते पुढचं.

५ रुपयांच्या सेसचं मूळ म्हणजे १९९८ ला पेट्रोलवर लिटरला १ रुपया लावला होता, पुढच्या वर्षी डिझेलवर लावला, आणि २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदाच केला. त्यात डिझेलच्या सेसमधला अर्धा पैसा खेड्यातल्या रस्त्यांना ठेवलेला होता, त्याच्यावरच त्या वर्षी २५ डिसेंबरला पंतप्रधान ग्राम सडक योजना सुरू झाली. चांगला कायदा होता हे मी मनापासून म्हणतो, आत्तापर्यंत मी पाहिलेल्या कर-कायद्यांत लोकांना सर्वात सरळ समजणारा. २०१८ मध्ये त्याचं नाव बदलून केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी केलं, आणि त्या 'पायाभूत सुविधा' या शब्दात रेल्वेपासून बरंच काही बसतं. तालुक्याच्या ठिकाणी 'सीआरएफमधून मंजूर' असे बोर्ड तुम्ही बघितले असतील, तो हाच पैसा, पण तो बहुतेक राज्य मार्गांच्या नव्या कामाला येतो, तुमच्या मोरीवरच्या खड्ड्याला नाही.

अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही. मे २०२० च्या वाढीनंतर हा सेस लिटरला १८ रुपये होता. नोव्हेंबर २०२१ ला पेट्रोल ५ रुपयांनी आणि मे २०२२ ला ८ रुपयांनी स्वस्त केलं, आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पण ती दोन्ही वेळची कपात याच सेसमधून झाली, १८ चे १३ आणि १३ चे ५. म्हणजे तेव्हा जो कमी झाला तो रस्त्याच्या नावाचाच कर होता.

राज्याच्या व्हॅटचं विचाराल तर तो कर आहे, एखाद्या कामापुरती घेतलेली फी नाही. कराचा पैसा एकत्रित निधीत जातो, तिथून पगार, पेन्शन, कर्जाचं व्याज, शाळा, दवाखाने, रस्ते सगळ्याला. पेट्रोलचा म्हणून त्याच्यावर शिक्का राहत नाही. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरला २ रुपये लावले होते, २०१६ ला पाऊस चांगला झाला तरी अधिभार काही गेला नाही, उलट पुढं वाढला. एकदा कर बसला की तो ज्या कारणाने बसला ते कारण लोक विसरतात, सरकारही विसरतं.

सह्याद्री_७७:
काका फार छान समजावलंत. पण मग सगळं जीएसटीत आणलं तर प्रश्नच मिटला ना? २८ टक्के लावा नाहीतर ४० लावा, देशभर एकच कर होईल.

हिशोबनीस:
कर एक होईल, रस्ता होईल असं नाही. घटनेच्या २७९अ कलमात लिहिलंय की पेट्रोल डिझेल कधीपासून जीएसटीत घ्यायचं ती तारीख जीएसटी परिषदेनं सांगायची, आणि २०१७ पासून परिषदेनं ती तारीख सांगितलेली नाही. राज्यांच्या हातात स्वतःचा कर लावायला मुख्यतः दारू, पेट्रोल-डिझेल आणि जमिनीचे व्यवहार हेच उरलंय, ते कोण सोडेल. गंमत म्हणून नाही, खरंच सांगतो, त्याच क्रूड तेलातून निघणारं डांबर जीएसटीत आहे, १८ टक्के. म्हणजे रस्ता दुरुस्त करायला सरकारच सरकारला कर भरतं.

खडी_डांबर:
वर काकांनी पैशाचं सांगितलं, मी कामाचं सांगतो. मी बारा वर्षं ग्रामीण रस्त्यांच्या साईटवर आहे, आधी ठेकेदाराकडं सुपरवायझर होतो, आता स्वतःची छोटी कामं घेतो.

कृष्णाकाठ दादा, पहिलं काम म्हणजे तुमचा रस्ता कोणत्या जातीचा आहे ते शोधा, कारण नुसतं 'रस्ता खराब आहे' म्हणून अर्ज दिला तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग (इजिमा) हे जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामचे, राष्ट्रीय महामार्गाचं ऑफिस वेगळं. प्रत्येक रस्त्याला नंबर असतो. किलोमीटरच्या दगडावर बघा, ग्रा.मा., इजिमा असं लिहिलेलं असतं, नाहीतर ग्रामसेवकाला विचारा.

आणि दुसरं, रस्ता जिथं सुरू होतो तिथं निळा किंवा पिवळा बोर्ड असेल तर तो वाचा. रस्ता ग्राम सडक योजनेतला असेल तर त्या बोर्डावर लांबी, खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदाराचं नाव आणि खाली पुढच्या पाच वर्षांची देखभाल-दुरुस्ती वर्षाप्रमाणं लिहिलेली असते. पहिल्या वर्षी इतके, दुसऱ्या वर्षी इतके. हे पैसे करारातच ठरलेले असतात. म्हणजे तिथं 'हेडला पैसे नाहीत' हे उत्तर चालतच नाही, ते काम त्या ठेकेदाराकडं आधीच दिलेलं आहे. मी स्वतः अशी देखभाल केलीय म्हणून सांगतो, वर्षातून दोनदा साइडपट्ट्या भरायच्या, गटारं उघडायची, झुडपं काढायची, खड्डे चौकोनी कापून भरायचे, मोऱ्या साफ करायच्या. खूप जण पहिल्या वर्षी करतात, तिसऱ्या वर्षापासून कुणी विचारत नाही म्हणून करत नाहीत. हे आमच्याच लोकांचं सांगतोय आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आता खड्डा पडतो कसा ते ऐका, कारण हे कळलं तर तुम्ही काय मागायचं ते कळेल. लोकांना वाटतं डांबर कमी टाकलं म्हणून. ते पण असतं, पण निम्म्याहून जास्त खड्डे पाण्यानं पडतात. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली की पाणी बाजूला जात नाही, डांबरावर उभं राहतं. बारीक भेगेतनं आत शिरतं, खालचा मुरूम मऊ होतो, वरून चाक गेलं की पाणी दाबानं डांबर आणि खडी सुटं करतं. एकदा चार खडे सुटले की आठ दिवसात परात मावेल एवढा खड्डा. तुमच्या मोरीपाशी पाणी साठतंय म्हणजे मोरीचं तोंड गाळानं बुजलंय, मी न बघता सांगतो. एक जेसीबी दोन तास लावला तर तिथलं पाणी निघेल. ते न करता नुसतं पॅचवर्क केलं, वर बीबीएम (डांबर मारलेल्या खडीचा थर) टाकून कार्पेट मारलं तरी पुढच्या जूनमध्ये तिथंच परत खड्डा. पैसा कमी आहे हे खरंच, पण नव्या कामाला नारळ फुटतो, फोटो निघतो, मोरीचा गाळ काढायला कोण येतंय.

तिसरी गोष्ट वजन. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून चाचणी घेतली होती, त्यातनं निघालेला नियम सगळ्या जगात शिकवतात की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, सोळा पटीच्या आसपास होते. तुमच्या मोटारसायकलनं रस्त्याला काहीच होत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनावरनं ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टनच वाढ, पण त्या नियमानं झीज साठ टक्क्यांनी वाढते. आणि आमच्याकडं नोव्हेंबर उजाडला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर. गावचा रस्ता जेवढ्या वजनाला डिझाईन केलाय त्याच्या किती वर जातात ते विचारू नका. आता हंगाम सुरू झालाच आहे, तुमच्या रस्त्याचं काय होणार ते मार्चमध्ये बघा.

मनमाड_लाईन:
मी ट्रकवाला आहे, दोन गाड्या आहेत, म्हणून वरच्या पोस्टवर बोलणं भाग आहे. वजनाचं जे सांगितलं ते खरं आहे, नाकारत नाही. पण रस्ता ट्रकवाला फाडतो आणि पैसे मोटारसायकलवाला भरतो असं कुणी समजू नका. डिझेलला केंद्राचे १७ रुपये ८० पैसे आणि राज्याचा २१ टक्के व्हॅट म्हणजे १५ च्या आसपास, लिटरला ३२-३३ रुपये कर झाला. भरलेली गाडी ४ चं ॲव्हरेज देते. म्हणजे चाक फिरलं की किलोमीटरला ८ रुपये नुसता कर, त्याच्यावर टोल, परमिट, इन्शुरन्स, फिटनेस. कारवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून ३००० रुपयात २०० फेऱ्यांचा फास्टॅगचा वर्षाचा पास मिळाला, चांगलं झालं, त्यांना मिळायलाच पाहिजे, पण आमच्यासाठी असं काही नाही.

ओव्हरलोड आम्ही हौसेनं भरत नाही. माल देणारा म्हणतो एवढ्याच भाड्यात दोन टन जास्त ने, नाहीतर दुसरी गाडी उभी आहे. मला जर कुणी खरंच विचारलं तर उपाय सोपा आहे, रस्त्यावर गाड्या अडवत बसू नका, जिथं माल भरतात तिथं बघा. उसाचंच घ्या ना, प्रत्येक ट्रॅक्टर कारखान्याच्या वजनकाट्यावर जातो, प्रत्येकाची पावती निघते, त्याच पावतीवर शेतकऱ्याचं बिल होतं. म्हणजे कोणती ट्रॉली किती वजन घेऊन कोणत्या गावातनं आली याचा पूर्ण हिशोब हंगामभर लिहिलेला असतो. अजून कुठला पुरावा पाहिजे? त्या पावतीवरनं टनाला थोडे पैसे कापून तेच पैसे त्याच रस्त्याला लावले तर कुणाची ना नसेल. शेतकऱ्याचा पण त्याच रस्त्यावर ट्रॅक्टर पलटी होतो.

आणि एक, आमच्या मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतनं टँकर भरून मराठवाड्यात जातात, परभणीला पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग असतं ते याच लांबीच्या वाहतुकीमुळं. रस्ता खराब म्हणून टँकरचं डिझेल जास्त लागतं, आणि ते डिझेल परत महाग. जो गाव लांब त्यालाच दोन्हीकडनं मार.

बांद्यावरून:
आमचं बांदा म्हणजे गोव्याच्या शिवेवर. इथं कोण महाराष्ट्रातल्या पंपावर पेट्रोल भरत नाही, सगळे गोव्यातल्या पत्रादेवीला जातात, पलीकडं कित्येक रुपयांनी स्वस्त. एप्रिल २०१२ आठवतं मला, पर्रीकरांच्या सरकारनं पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, एका दिवसात लिटरला ११ रुपयांच्या आसपास फरक पडला, त्या दिवशी पत्रादेवीच्या पंपावर लाईन रस्त्यापर्यंत आली होती, माणसं ड्रम आणि कॅन घेऊन. माझा मोठा भाऊ तेव्हा सावंतवाडीकडच्या एका पंपावर कामाला होता, दोन महिन्यात मालकानं चारातली दोन माणसं कमी केली, त्यात तो एक. पुढं त्याच वर्षी गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि नंतर तो व्हॅट हळूहळू परत वाढत गेला, तरी अजून आमच्यापेक्षा कमीच आहे.

सांगायचा मुद्दा असा की कर कमी केला म्हणून गोव्याचे रस्ते आमच्यापेक्षा वाईट झाले नाहीत आणि कर जास्त आहे म्हणून आमचे चांगले झाले नाहीत. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, आमच्या सिंधुदुर्गातला पट्टा झाला, तो छान आहे, खोटं बोलणार नाही. पण चाकरमान्यांना विचारा, गणपतीला माणगाव इंदापूर ओलांडायला अजून किती तास लागतात. तेवढ्या वर्षांत कोकणातल्या माणसानं पेट्रोलवर किती कर भरला असेल. मला स्वस्त पेट्रोल नको, भरलेल्या पैशाचा रस्ता पाहिजे.

कोथरूडची_स्कूटर:
मी हे सगळं वाचतेय आणि एक प्रश्न मनात येतोय. मी दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, पेट्रोलचा एक रुपया कर भरत नाही, रोड टॅक्सही माफ होता. आता ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलही नाही, एक्सप्रेसवे आणि समृद्धीलाही तसंच धोरण आहे. हवा स्वच्छ राहावी म्हणून ही सूट आहे हे पटतं, पण रस्ता तर मी पण वापरतेच. दहा वर्षांनी निम्म्या गाड्या विजेच्या झाल्या तर कृष्णाकाठ दादांसारख्या ज्यांना नवीन गाडी परवडत नाही तेच पेट्रोलचा कर भरत राहणार, हे मला बरोबर वाटत नाही. वर्षाला ठराविक रक्कम मागितली तर मी देईन, पण ती कुठं गेली ते मला दिसलं पाहिजे.

जर्सीकर:
ताई, तुमचा प्रश्न इथं आधीच आलाय. मी मूळचा इचलकरंजीचा, गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत. इथं जुलै २०२४ पासून इलेक्ट्रिक गाडीला वर्षाला २५० डॉलरची जादा फी लागली आणि पुढची काही वर्षं ती दरवर्षी १० डॉलरनं वाढणार. नवीन गाडी घेतली की एकदम चार वर्षांची भरावी लागते, त्यावरून लोक चिडलेत पण, गाडी थोडी चालवा नाहीतर जास्त, फी तेवढीच. ऑरेगन राज्यानं २०१५ पासून ज्याला पाहिजे त्याच्यासाठी वेगळी सोय केलीय, जेवढे मैल तेवढे पैसे. १९१९ ला पेट्रोलवर पहिला कर लावणारं राज्य पण तेच होतं.

इथलं चांगलं काय ते सांगतो. केंद्राचा पेट्रोलवरचा कर मुख्यतः हायवे ट्रस्ट फंड नावाच्या वेगळ्या खात्यात जातो, १९५६ पासून. आमच्या राज्यात २०१६ ला पेट्रोलवर गॅलनला २३ सेंट एकदम वाढवले तेव्हा त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांचं मत घेऊन राज्यघटनेतच लिहून टाकलं की हा पैसा फक्त वाहतुकीच्या कामाला. त्या वेळी मी पण कुरकुर केली होती, पण मत त्याच बाजूनं पडलं.

आणि वाईट काय ते पण ऐका, नाहीतर परदेशात सगळं सोन्याचं असं वाटेल. केंद्राचा तो कर गॅलनला १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून तेवढाच आहे. बत्तीस वर्षं! खडी, डांबर, मजुरी सगळं वाढलं, गाड्यांचं ॲव्हरेज वाढलं, कर तिथंच, कारण वाढवायची हिंमत कुठल्याच पक्षाला होत नाही. म्हणून २००८ पासून त्या खात्यात दुसरीकडचे पैसे ओतावे लागतात. वेगळं खातं असलं तरी त्यात पुरेसं पडलं पाहिजे आणि भारतात उलटं झालंय, पडतं भरपूर पण तो ५ रुपयांचा सेस सोडला तर खातं वेगळं नाही. मागच्या डिसेंबरात गावी आलो होतो, वडिलांना घेऊन रंकाळ्याला गेलो, जाता येता दोन्ही वेळा त्यांनी कमरेखाली उशी घेतली होती. ती उशी आमच्या घरात गाडीची उशी म्हणूनच ओळखली जाते.

सह्याद्री_७७:
कोल्हापूरचा टोल आठवला का जर्सीकर? शहरातले रस्ते केले आणि टोल लावला, शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर म्हातारपणी रस्त्यावर उतरले, अख्खं शहर उतरलं आणि २०१५ च्या डिसेंबरात टोल गेला. लोक कराला नाही म्हणत नाहीत, एकाच रस्त्याचे दोनदा पैसे द्यायला नाही म्हणतात. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही वेशींवर लहान गाड्यांचा टोल बंद झाला तो पण लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणूनच.

कृष्णाकाठ दादा, अजून एक. या ऑक्टोबरमध्येच, २०२५ ला, मुंबई हायकोर्टानं खड्ड्यामुळं मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्या असा आदेश दिलाय. तुमच्या रस्त्याला तो कसा लागू होतो ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. आईंचे एक्सरे, डॉक्टरची चिठ्ठी, औषधाची बिलं फाईलला लावून ठेवा आणि खड्ड्याचा फोटो आजच काढा, उद्या कुणीतरी मुरूम टाकून बुजवला तर पुरावा गेला.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. हिशोबनीस काका, तुमचे ते साडेतीन पैसे मी आईला वाचून दाखवले, ती बराच वेळ काही बोललीच नाही.

खडी_डांबर दादा, काल रविवारी सकाळी फाट्यावर गेलो. बोर्ड आहे! रोज तिथनं जातो पण कधी बघितलाच नव्हता, बाभळीच्या फांदीनं आणि घाणेरीच्या झुडपानं पूर्ण झाकलेला. विळ्यानं झुडूप तोडलं, ओल्या फडक्यानं पुसला. ग्राम सडक योजनेचाच आहे. काम पूर्ण झाल्याची तारीख मे २०२१ ची आहे, म्हणजे पाच वर्षं अजून संपलेली नाहीत, मे २०२६ पर्यंत देखभाल करारात आहे. खाली पाच ओळी आहेत, पहिल्या तीन वर्षांचे आकडे वाचता येतात, चौथ्याचा अर्धा, पाचव्या वर्षाच्या ओळीवरचा रंग पूर्ण उडालाय. मोरी पण बघितली, तुम्ही म्हणालात तसंच, उजव्या बाजूचं तोंड गाळानं आणि उसाच्या पाचटानं बंद, पाणी पलीकडं जायला बोटभर पण जागा नाही. चार फोटो काढलेत, खड्ड्यात टेप धरून, तारीख येईल असे.

खडी_डांबर:
वा, निम्मं काम झालं की दादा. पाचव्या वर्षाचा आकडा बोर्डावर नसला तरी करारात असतो. अर्ज महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेच्या तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यकारी अभियंत्याच्या नावानं द्या, आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. त्यात खड्डे भरा एवढंच लिहू नका. मोरीचा गाळ काढणे, साइडपट्टी रस्त्याच्या खाली आणणे, गटार उघडणे, मग खड्डे, या क्रमानं लिहा. सोबत माहिती अधिकारात दोन कागद मागा, करारनाम्यातलं देखभालीचं परिशिष्ट आणि आतापर्यंत देखभालीचं बिल काढलं असेल तर त्याच्या मोजमाप पुस्तिकेची नक्कल. मोबाईलवर मेरी सडक ॲप आहे त्यावर पण तेच फोटो टाका, तिथली तक्रार वरच्या ऑफिसला दिसते. आणि ऊसतोड तुमच्या शिवारात कधी येतेय?

कृष्णाकाठ:
पुढच्या आठवड्यात आमच्या वरच्या वस्तीला टोळी उतरतेय, ट्रॅक्टर याच मोरीवरनं जाणार. म्हणून थांबत नाही, उद्या मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकलीय, अर्ज लिहून झालाय, गावातल्या ३७ जणांच्या सह्या झाल्यात, त्यात ट्रॉलीवाल्या दोघांच्या पण आहेत. आवक नंबर मिळाला की इथं टाकतो.